तोंडदेखलं, म्हणजे कुणाचं तोंड?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक सात रॅम्पचा होता. इमारतीला लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला आधी पाच पायऱ्या चढाव्या लागतात. असं का बांधलं ते बिल्डर जाणे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून त्या व्हीलचेअरवर आहेत. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की त्यांचा मुलगा आणि वॉचमन खुर्चीसकट त्यांना उचलून पायऱ्या उतरवतात. तेवढा वेळ काकू डोळे गच्च मिटून घेतात आणि पदराचं टोक मुठीत धरतात.

सभेत विषय वाचला गेला आणि एकामागून एक माणसं उठून बोलली. रॅम्प व्हायलाच हवा. आज त्यांच्यावर वेळ आली, उद्या आपल्यावर येईल. याला विरोध करायचं कारणच काय? सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, हजर असलेल्या ३१ सभासदांनी हात वर केले. ‘तत्त्वतः एकमताने मंजूर’ असं सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहून घेतलं आणि बटाटेवडे आले.

त्यानंतर दोन वर्षं रॅम्प झाला नाही.

मी बरेच दिवस यातला खलनायक शोधत होते. सापडला नाही. त्या दिवशी कुणी खोटं बोललं असंही मला वाटत नाही; काकूंना उचलून नेताना पाहिलं की सगळ्यांनाच वाईट वाटायचं. अडचण एवढीच होती, की रॅम्पला एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते. सहा-सहा इंचांच्या पाच पायऱ्या म्हणजे अडीच फूट, म्हणजे तीस फुटांचा रॅम्प. तो जाणार भिंतीकडेने, आणि भिंतीकडेला सहा स्कूटर लागतात. ठरावात माणुसकीचा उल्लेख दोनदा होता, स्कूटरचा एकदाही नव्हता.

इंग्रजीत याला ‘लिप सर्व्हिस’ म्हणतात. आपल्याकडेही हा शब्द सर्रास ऐकू येतो, “नुसती लिप सर्व्हिस देतात हो,” असा. मराठीत ‘सर्व्हिस’ म्हणजे एक तर नोकरी, नाहीतर गाडीचं ऑइल बदलणं; त्यामुळे माझ्या मावशीला ही ब्यूटी पार्लरची काहीतरी नवी स्कीम वाटली होती. मूळ शब्दातली सर्व्हिस चर्चमधली आहे, म्हणजे देवाची उपासना. बायबलमध्ये यशयाच्या २९व्या अध्यायात देवाची तक्रार आहे, की हे लोक ओठांनी माझा मान राखतात आणि मन मात्र माझ्यापासून लांब ठेवतात. मत्तयाच्या १५व्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंथीयांना, तेच वचन ऐकवतो. सोळाव्या शतकात इंग्लंडात धर्मसुधारणेचं वारं सुटलं, तेव्हा अर्थ न कळता प्रार्थना पुटपुटण्याला सुधारक मंडळी ‘लिप लेबर’, म्हणजे ओठांची मजुरी, म्हणून हिणवत. ‘लिप सर्व्हिस’ त्याच्या मागून, सतराव्या शतकात रुळला.

त्याचं क्रियापद मराठीत येताना वाटेत सांडलं, आणि खरी गंमत त्या क्रियापदातच आहे. आपण लिप सर्व्हिस ‘देतो’. इंग्रज ती ‘पे’ करतो, म्हणजे चुकती करतो. आधी एक देणं असतं आणि ते ओठांनीच फेडून माणूस मोकळा होतो. दुकानात सामान घेतलं, काउंटरवर “छान आहे हो तुमचं दुकान” म्हटलं आणि पिशवी उचलून निघालं, तसं. आता असं कधी होईल? दुकानदाराने ते पैसे म्हणून धरून घेतले, तरच.

मराठीत या वागण्यासाठी शब्दांची काही कमी नाही, पण ते सगळे एकाच अर्थाचे नाहीत. ‘मुखात राम, बगलेत सुरी’ यात दुष्टावा आहे. ‘ओठात एक, पोटात एक’ यात लपवाछपवी. तोंडपुजेपणात स्वार्थ आहे, समोरच्याकडून काहीतरी काढायचं असतं. ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ हे आश्वासनांना लागू. पानावर बसलेला माणूस उपाशी राहतो. ‘देखल्या देवा दंडवत’ यात तर दुष्टावा नाही की स्वार्थ नाही, नुसता आळस आहे: वाटेत देऊळ लागलं म्हणून हात जोडले, मुद्दाम काही कुणी आलं नव्हतं. लिप सर्व्हिसच्या सगळ्यात जवळ जातो तो आपला ‘तोंडदेखलं’. तोंडदेखलं कौतुक, तोंडदेखली विचारपूस, तोंडदेखला पाठिंबा.

या शब्दातलं तोंड कुणाचं, हा प्रश्न मला त्या सभेनंतर पडला. इंग्रजी शब्दातले ओठ बोलणाऱ्याचे आहेत, म्हणजे दोष त्याचा, त्याच्या मनात आणि मुखात असलेल्या अंतराचा. तोंडदेखलं या शब्दातलं तोंड मात्र ऐकणाऱ्याचं आहे. समोर कोण आहे ते पाहून जे बोललं जातं ते तोंडदेखलं. तोंड नजरेआड झालं की पाठिंबा संपला. आपल्या भाषेने हा व्यवहार दोन माणसांचा मानलाय आणि त्यात ऐकणाऱ्यालाही भागीदार करून घेतलंय. माझं म्हणणं तेच आहे. लिप सर्व्हिसवर आपण रागावतो ते बोलणाऱ्याच्या ढोंगावर, आणि त्यात आपला वेळ जातो. त्याच्या मनात काय आहे ते कुणाला दिसणार? शब्द घेऊन पावती फाडणारे आपण असतो, ते दिसतं आणि ते बदलताही येतं.

घरगुती पातळीवर याला माझी काही हरकत नाही. रस्त्यात भेटलेल्या जुन्या शेजाऱ्याला आपण “या ना एकदा घरी” म्हणतो आणि तो “येतो की” म्हणतो. दोघांनाही माहीत असतं, की कुणी येत नाही आणि कुणी वाट पाहत नाही. तिथे कुणाचं देणं थकलेलं नसतं. तो उद्या खरोखरच बॅग घेऊन दारात उभा राहिला तर मात्र चूक त्याची म्हणावी लागेल. सार्वजनिक पाठिंब्याचं तसं नाही, कारण तिथे एक माणूस खरंच पायऱ्यांखाली थांबलेला असतो.

ज्या देशाचा हा शब्द, त्याच देशाच्या पार्लमेंटमध्ये याचा एक नमुना सापडतो. बायकांना मताचा अधिकार द्यावा अशी दुरुस्ती तत्त्वज्ञ खासदार जॉन स्टुअर्ट मिलने १८६७ साली मांडली, तेव्हा तिला ७३ मतं पडली आणि विरोधात १९६. पुढच्या चाळीस वर्षांत वारं फिरलं. १८९७ साली असंच एक विधेयक दुसऱ्या वाचनात, म्हणजे तत्त्वतः मंजुरीच्या टप्प्यावर, ७१ मतांच्या आघाडीने पुढे गेलं. १९०८ मध्ये बाजूने २७१, विरोधात ९२. १९११ मध्ये २५५ विरुद्ध ८८. आकडे पाहून वाटेल की प्रश्न सुटलाच. प्रत्यक्षात यातलं एकही विधेयक कायदा झालं नाही.

कारण ती सगळी खाजगी सभासदांची, म्हणजे सरकारने न मांडलेली, विधेयकं होती आणि सरकारने वेळ दिल्याशिवाय अशा विधेयकाचं पुढे काही होत नसे. १९१० साली तर दुसरं वाचन मंजूर करून सभागृहाने विधेयक पाठवलं ते सबंध सभागृहाच्या समितीकडे. ऐकायला मोठा मान. अर्थ इतकाच, की त्या समितीला वेळ मिळणार नाही. अशा वेळी बाजूने मत द्यायला खर्च काय? मतदारसंघातल्या बायकांना सांगता येतं, मी तुमचाच. पक्षाच्या नेत्यालाही चिंता नाही. अडचणी तर सगळ्यांनाच होत्या. मालमत्तेच्या अटीवर बायकांना मत दिलं तर ते हुजूर पक्षाला जाईल, अशी उदारमतवाद्यांना धास्ती. आयरिश राष्ट्रवाद्यांना आपल्या स्वराज्याच्या विधेयकाची काळजी, सरकार पडलं तर ते बुडणार. म्हणून १९१२ साली प्रकरण अंगाशी येईल असं दिसताच आयरिश मतं फिरली आणि विधेयक २०८ विरुद्ध २२२ असं पडलं. अवघी चौदा मतं. आदल्या वर्षीचे अडीचशे मित्र कुठे गेले, हे त्या बायकांनी कुणाला विचारायचं?

एमेलिन पँकहर्स्टने १९०३ साली मँचेस्टरमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी जी संघटना काढली तिचं घोषवाक्य होतं: शब्द नकोत, कृती हवी. शत्रूंना उद्देशून असं घोषवाक्य कुणी करत नाही, शत्रू कृती करणार नाही हे माहीतच असतं. ते होतं मित्रांसाठी. त्या संघटनेचे पुढचे सगळेच मार्ग मला पटतात असं नाही, पण गोड बोलणाऱ्याचं तोंड बघत बसायचं नाही, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. शेवटी १९१७ साली कॉमन्समध्ये ३८५ विरुद्ध ५५ मतांनी तो मुद्दा मंजूर झाला, १९१८ चा कायदा आला, तोही तीस वर्षांवरच्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायकांपुरता. पुरुषांइतकाच हक्क मिळायला १९२८ उजाडलं.

त्याच सुमारास पुण्यातही हाच प्रयोग लागला होता. १९२० च्या आसपास नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद पेटला: सक्ती मुलग्यांनाच, की मुलींनाही? युक्तिवाद पैशाचा होता. तिजोरीत एवढी रक्कम नाही, आधी मुलग्यांचं करू, मुलींचं मागाहून. रमाबाई रानडे बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. ‘मागाहून’ हा शब्द त्या काळच्या बायकांनी किती वेळा ऐकला असेल, देव जाणे.

आता आपल्या संसदेकडे या. महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा लोकसभेत मांडलं गेलं १२ सप्टेंबर १९९६ रोजी. गीता मुखर्जींच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीने त्याच वर्षी डिसेंबरात अहवालही दिला, इतक्या झपाट्याने. मग १९९८, १९९९. सरकारं बदलली, विधेयक नव्याने मांडलं गेलं, सभागृहात मंत्र्याच्या हातातून कागद हिसकावून फाडले गेले. २००८ साली ते राज्यसभेत आलं, ९ मार्च २०१० रोजी तिथे १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं आणि लोकसभेत न येताच १५ व्या लोकसभेबरोबर संपलं. या सगळ्या काळात मोठ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांत त्याला पाठिंबा होता. कागद फाडणाऱ्यांना आपण नावं ठेवली. पण ते निदान उघड विरोधक होते आणि मूठभर होते. सत्तावीस वर्षं विधेयक अडलं ते पाठीराख्यांच्या गर्दीत.

माझं हे म्हणणं कुणाला अन्यायाचं वाटेल, म्हणून एक साधी गोष्ट सांगते. बायकांना उमेदवारी द्यायला कायदा लागतच नाही. तिकीट पक्ष देतो, आणि तो उद्या सकाळी देऊ शकतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ओडिशात बिजू जनता दलाने २१ पैकी ७ आणि पश्चिम बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसने ४२ पैकी १७ ठिकाणी बायका उभ्या केल्या. कुठलीही घटनादुरुस्ती झालेली नव्हती. या दोन पक्षांच्या बाकी कारभाराबद्दल कुणाचं काहीही मत असो, त्यांनी स्कूटर हलवली. बाकीच्यांनी भाषणं केली. आणि हा काही एका झेंड्याचा गुण नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये विधेयक अखेर मंजूर झालं, लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. सत्तावीस वर्षं जे होत नव्हतं ते दोन दिवसांत एकमुखाने झालं. एकमुखाने हा आपला बातम्यांतला लाडका शब्द आहे आणि तो किती प्रामाणिक आहे बघा: मुखाने, असंच म्हणतो तो. कायद्यातच अट आहे, की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण. म्हणजे हात वर करणाऱ्यांपैकी कुणाचीही जागा त्या दिवशी जात नव्हती. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या, आधीच्या लोकसभेपेक्षा चार कमी. गोव्याच्या विधानसभेत २०२२ साली चाळिसांत तिघी आल्या. महाराष्ट्रात २०२४ साली २८८ मध्ये दहा टक्केसुद्धा नाहीत.

याच महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायकांसाठी निम्म्या जागा राखल्या, आणि तिथे त्या जागा भरतात. सरपंचपतींचे किस्से मला ठाऊक आहेत. सही बाईंची आणि खुर्चीत यजमान, हे पाहिलेलंही आहे. तरी जागा बाईचीच राहते, आणि पुढच्या खेपेला एखादी अशी निवडून येते जिच्या यजमानांना बाहेर बाकावर बसावं लागतं. आमदारांनी हा कायदा का होऊ दिला? माझा तर्क सोपा आहे. त्यात आमदारकीची एकही जागा जात नव्हती. जात होती ती गावातल्या सरपंचाची आणि झेडपीच्या मेंबरची.

यावर कुणी म्हणेल, मग शब्दांना किंमतच नाही का? आहे. १८६७ सालच्या ७३ जणांपासून १९०८ च्या २७१ पर्यंत जे घडलं ते ओठांवरच घडलं, आणि ते काही कमी नव्हतं. विरोधकालाही गोड बोलणं भाग पडतं, तेव्हा युक्तिवाद निम्मा जिंकलेला असतो. शिवाय बोललेलं लिहून ठेवलं तर ते उधारीच्या वहीसारखं पुन्हा उघडता येतं. २०२३ च्या कायद्याचंही तसंच. तारीख पुढची का असेना, हुंडी घटनेतच लिहिलेली आहे. मला चीड येते ती ‘सरकार याबाबत सकारात्मक आहे’ या वाक्याची. आपल्या राज्यात मोर्चा कुठलाही असो, शिष्टमंडळ कुठलंही असो, दालनातून बाहेर पडताना हेच वाक्य हातात असतं आणि माणसं ते घेऊन एसटीने गावी परत जातात. कधीपर्यंत, कुठल्या लेखाशीर्षातून, आणि त्यासाठी कुणाचं काय कापणार, हे तीन प्रश्न दारातच विचारले तर तो सकारात्मकपणा किती टिकतो ते तिथल्या तिथे कळेल. विचारायला जीभ रेटत नाही, कारण समोरच्याने चहा दिलेला असतो.

आमच्या सोसायटीत हे विचारलं ते तळमजल्यावरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी. तिसऱ्या वर्षीच्या सभेत त्यांनी आधी जुनं इतिवृत्त वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “रॅम्प हवा की नको हे विचारू नका, ते आपलं झालंय. भिंतीकडची गाडी मागच्या गेटला कोण लावणार, आणि मेंटेनन्सशिवाय तीन हजार कोण देणार, तेवढेच हात वर करा.” खोली एकदम शांत झाली. कुणीतरी पार्किंगच्या पावसाळी गळतीचा विषय काढला. बाईंनी काकूंच्या मुलाला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं होतं. ३१ चे नऊ झाले.

नऊ हात ऐकायला वाईट वाटतं, पण ते दोन वर्षांतले पहिले मोजण्यासारखे हात होते. त्यात सहापैकी चार स्कूटरवाले निघाले. उरलेले दोघं इकडेतिकडे बघत होते, सगळी खोली आपल्याकडे बघतेय, आणि त्यात तो मुलगाही, हे लक्षात आल्यावर एक जण म्हणाला, “माझं काय, मी लावीन की मागे.” दुसऱ्याने मान हलवली. मनापासून नव्हतं ते, स्पष्ट दिसत होतं. तोंडदेखलंच होतं. पण दुसऱ्या दिवशी स्कूटर मागच्या गेटला गेल्या.

काम पाच आठवड्यांत झालं. कमी पडले ते पैसे दुरुस्ती निधीतून घेतले. काकू आता संध्याकाळी खाली येतात. गॅसवाला सिलिंडर रॅम्पवरूनच वर आणतो, पोरं सायकली त्याच्यावरून सोडतात आणि ओरडा खातात. यंदाच्या वार्षिक अहवालात पान तीनवर लिहिलं आहे: ‘सर्व सभासदांच्या एकमुखी सहकार्याने रॅम्पचे काम पूर्ण झाले.’